पेढे वाटलेला नफा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. झाले आणि किन्हीराजाजवळच्या एका पतसंस्थेत कारकून लागले. हे मी अजूनही मान वर करून सांगते, म्हणून तिथली चूकही सांगते.

कर्जं थकल्यानं संस्था अडचणीत आली होती. ठेवीदारांचे पैसे परत करता यावेत म्हणून सरकारनं अर्थसाहाय्य दिलं. अध्यक्ष म्हणाले, "यंदा सभेत तोटा नाही वाचाचा. लोकं हसतीन." मी ती रक्कम उत्पन्नात धरली. तोट्याच्या जागी नफा आला. सभेत पेढे वाटले.

पुढं आयकराची नोटीस आली. उत्पन्न दाखवलंत, तर कर भरा. तो कर ठेवीदारांच्याच पैशातून जाणार, म्हणून ठेवी परत करणं थांबलं. पुढचा नंबर शेजारच्या काकूंचा होता. ऊसतोडीला जाऊन त्यांनी पोरीच्या नर्सिंगसाठी पैसा साठवला होता.

"काहून वं, नफ्याचा पेढा तर खाल्ला म्या. मंग माहे पैसे कायले अडकून राह्यले?"

मी त्याच दिवशी नोटीस घेऊन अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष म्हणाले, कर भरून मोकळं होऊ. मी नाही म्हटलं. सरकारी आदेश काढून शब्द न् शब्द वाचला. मदत हप्त्यांनी परत फेडायची होती. जे परत द्यायचं, ते उत्पन्न कसं? ते तर देणं. वाशीमचे सीए म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण चूक लेखी कबूल करावी लागेल."

अध्यक्ष सही करेनात. "सभेत खोटं वाचलं, असं होईन ना!"

"खोटंच वाचलं, भाऊ. मी लिवलं, तुमी वाचलं."

त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली. आदेशाची प्रत आणि दुरुस्त ताळेबंद जोडून मी उत्तर पाठवलं. बऱ्याच महिन्यांनी ते मान्य झालं, करमागणी रद्द झाली. काकूंना पैसे मिळाले. पोरीचं एक वर्ष मात्र गेलं. ते कुठल्याच दुरुस्तीत भरून येत नाही.

पुढच्या सभेत अहवाल वाचायला मीच उभी राहिले.

"आज पेढे नाही का वं?" काकूंनी मागून विचारलं. लोक हसले.

"नाही काकू. आज तोटा हाये."

"मंग मोठ्यानं वाच. मांगं आयकू येत नाही."

मी कागद वर धरला आणि तोट्याचा आकडा मागपर्यंत ऐकू जाईल असा वाचला.