साहेबांचा नाल

जगातली निम्मी भांडणं खुर्च्या चुकीच्या मांडल्यामुळे होतात, यावर माझ्या पहिल्या साहेबांइतका विश्वास दुसऱ्या कोणाचा असेल असं मला वाटत नाही. नव्वदच्या दशकात नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यात ते ट्रेनिंग ऑफिसर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. काय शिकवायचं हे ते खुशाल पाहुण्या व्याख्यात्यावर सोडत. पण कोणी कुठे बसायचं, यात ब्रह्मदेवाचंही ऐकत नसत. एकामागे एक मांडलेल्या रांगांना ते ‘एस.टी.’ म्हणत. एस.टी.त माणूस झोपतो नाहीतर शेंगा खातो, शिकत नाही, हे त्यांचं ठाम मत. समोरासमोर दोन रांगा म्हणजे ‘पंगत’. तिथे लोक नुसती वाढायची वाट बघतात. खरी बैठक एकच, घोड्याच्या नालासारखी. प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणत ते स्वतः खुर्च्या ओढायचे, घामाघूम व्हायचे आणि मग एकेका खुर्चीवर बसून खात्री करून घ्यायचे. घरच्या सत्यनारायणालाही त्यांनी पाहुणे नालात बसवले. पोथी कोणाकडे तोंड करून वाचावी, हे भटजींना शेवटपर्यंत कळलं नाही. वहिनी कपाळाला हात लावून आत गेल्या.

हसायचो आम्ही. पण त्या नालात मुकी माणसं बोलायची, हे खरं. हरसूलकडचे एक फिटर वर्षानुवर्षं मान खाली घालून बसत. ते एकदा म्हणाले, ‘मला बी एक इचारायचं हाय,’ तर साहेबांनी संध्याकाळी पेढे आणले.

पुढे मंदी आली आणि त्या फिटरांचा विभाग बंद करायचं ठरलं. कामगारांना ते आमच्याच हॉलमध्ये सांगायचं होतं. खुर्च्या रांगेत मांडा, असा वरून निरोप आला. साहेब भडकले. इतकी वर्षं एकत्र डबा खाल्लेल्या माणसांना ही बातमी एकमेकांच्या पाठी बघत ऐकवायची? मॅनेजरशी तावातावाने भांडून त्यांनी नाल मांडलाच.

मॅनेजरने कागद वाचला. सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसत होती, आणि नेमकी तीच कोणाला दाखवायची नव्हती. त्या हरसूलकडच्या फिटरांच्या समोरच त्यांचा जावई बसला होता, त्याच विभागातला. दोघांचे डोळे भरलेले. पण सासऱ्यासमोर जावयाचा आणि जावयासमोर सासऱ्याचा हात काही डोळ्यांकडे जाईना. फार वाईट वाटलं मला.

साहेब उठले. आता काही बोलतील असं वाटलं. त्यांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. जरा वेळाने जावयाची खुर्ची सरकली. मग फिटरांची. हळूहळू सगळा नालच भिंतीकडे वळला आणि मध्ये मॅनेजर एकटा कागद धरून उभा राहिला. मग कोणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. कोणाच्या, ते कोणी वळून पाहिलं नाही.

बाहेर टपरीवर साहेबांनी चहा तसाच गार होऊ दिला. ‘चुकलो रे मी,’ एवढंच म्हणाले.

त्यानंतरही आम्ही नालच मांडत होतो. फक्त एक खुर्ची साहेब बाजूला, खिडकीबाहेर तोंड करून ठेवायचे. ही कशाला, असं एखाद्या नवख्याने विचारलं, तर हळूच म्हणायचे, ‘असू दे. लागते कोणाला तरी.’