मॅडमनी दाखवलेली केस

पडद्यावर लिहिलं होतं: मुलगी, वय एकोणीस, राहणार दिघा. वडील कंपनीत माल चढवतात. पत्ता विचारला की दिघा लपवून शेजारचं ऐरोली सांगते. बोलताना तोंडावर हात धरते.

नाव नव्हतं. गरजच नव्हती. वाशीतल्या आमच्या कॉलेजात, मानसशास्त्राच्या त्या वर्गात दिघ्याची मी एकटीच. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. तेव्हाही माझा हात तोंडावरच होता.

हे सगळं मीच मॅडमना सांगितलं होतं. त्यांच्या केबिनमध्ये, दार लावून. मी वर्गात बोलत नाही म्हणून त्यांनीच बोलावलं होतं. चहा मागवला. म्हणाल्या, तू मला मुलीसारखी, इथलं बाहेर जाणार नाही. मी रडले. आईलाही न सांगितलेलं सांगून बसले.

आणि आता त्या एकेका ओळीवर बोट ठेवून शिकवत होत्या. व्यक्तिमत्त्व म्हणजे माणसाची विचार करायची, वागायची टिकून राहणारी पद्धत. कुणी मानसशास्त्रज्ञ ते जन्मजात गुणांत शोधतात, कुणी बालपणात, कुणी परिस्थितीत. या मुलीत तिन्ही सापडतात. मग म्हणाल्या, "अशी मुलं कितीही शिकली तरी आतून दबलेलीच राहतात."

मी उभी राहिले.

"मॅडम, ती मी आहे. तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं. काढा ते."

मॅडम हसल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. वर्गाला म्हणाल्या, "बघा, हा रागसुद्धा त्यातलाच."

तेव्हा लख्ख कळलं. गप्प बसले तर दबलेली. बोलले तर रागीट. केबिनमध्ये या बाई मला ऐकत नव्हत्या. टिपून घेत होत्या.

बॅग उचलली. थेट प्राचार्यांच्या ऑफिसात गेले, तक्रारीचा अर्ज लिहिला. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

दुपारी मॅडमनी बोलावलं. दार लावायला उठल्या. मी म्हटलं, उघडंच राहू दे. नाव तर घेतलं नव्हतं ना, म्हणाल्या. अर्ज मागे घे, एम.ए.च्या प्रवेशासाठी मी शिफारस देते. आवाज तोच, चहा मागवतानाचा.

"नको," मी म्हटलं. "अर्ज राहणार."

सोमवारी चौकशी समितीसमोर जायचंय. मैत्रिणी म्हणतात, वर्ष वाया घालवतील तुझं, कशाला टेन्शन घेतेस. घालवू देत. समितीच्या कागदावर माझं पूर्ण नाव आहे, त्यापुढे लिहिलंय, तक्रारदार. मॅडम समोर बसलेल्या असतील. मी सगळं बोलणार.