मोरीतला सातवा क्यूब

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. इथले बाकीचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि निम्म्यांत चुका काढते. माझं कामच ते आहे. नाशिकला अंबडजवळच्या एका खासगी लॅबमध्ये चौदा वर्षं मी सिमेंट-काँक्रीट तपासते. मशीनवर येतो तो आकडा खरा, बाकी सगळ्या गप्पा... असं मी आजही म्हणते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

आमच्याकडे पवारकाका नावाचे टेक्निशियन होते, घोटीकडचे. तपासणीसाठी सिमेंटच्या मसाल्याचे लहान ठोकळे ओततात, त्यांना क्यूब म्हणतात. एका बॅचचे सहा. काका मात्र घरून आणलेल्या लोखंडी साच्यात सातवा ओतायचे. त्या साच्याचा एक कोपरा उडालेला होता, त्यामुळे त्यांच्या क्यूबला कायम टेंगूळ यायचं. नंबर खिळ्यानं कोरायचे, तोही मराठी आकड्यांत. आणि तो क्यूब बाकीच्यांसारखा पाण्याच्या टाकीत न ठेवता मागच्या मोरीत ठेवायचे, जिथे आमचं अ‍ॅसिडचं, साबणाचं सगळं पाणी जातं. तुमचा हा लाडका रिपोर्टमध्ये कुठे लिहू, असं मी चिडवायचे. ते म्हणायचे, "मॅडम, सहा कागदासाठी. ह्यो आपल्या मनासाठी."

दोन वर्षांपूर्वी काका गेले. सातवा क्यूब बंद झाला. खरं सांगायचं तर मला ती त्यांची हौसच वाटायची.

गेल्या वर्षी घोटीच्या पुढच्या एका साकवाचं काम आलं. ओढ्यावरचा छोटा पूल. पलीकडच्या पाड्यातली माणसं आणि शाळेची पोरं रोज त्यावरून ये-जा करतात. खांब पाण्यानं खाल्लेले. दुरुस्तीला पॉलिमर घातलेला सिमेंटचा मसाला वापरायचा होता — दुधासारखं द्रावण मिसळतात, मसाला चिवट होतो. मी स्वतः मोजून कालवला, सहा क्यूब ओतले, उरलेला फेकून घमेलं धुतलं. नियमाप्रमाणे क्यूब आधी ओले ठेवले, मग वाळवले, मग तीन महिने अ‍ॅसिडच्या पाण्यात.

सहाच्या सहा झकास पास. रिपोर्ट छापून टेबलावर, ठेकेदाराचा इंजिनियर समोर बसलेला. सकाळचे अकरा वाजले होते — अंधार नाही, वारा नाही, कुठे कुत्रं रडत नव्हतं. सहीआधी हात धुवायला मागे गेले आणि मोरीत क्यूब दिसला. उचलला. कोपऱ्यावर टेंगूळ. बाजूला मराठी आकड्यांत याच बॅचचा नंबर. काकांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं.

भीती नाही वाटली, राग आला. ही थट्टा कोणाची? पण अंगठा फिरवला तर वाळू हाताला लागली. तशीच आत गेले आणि तो मशीनला लावला. बाकीच्यांच्या निम्म्याही भाराला तो टिकला नाही.

इंजिनियर म्हणाला, "मॅडम, सहा पास आहेत ना? मग हा सातवा कोणाचा?"

"माहीत नाही," मी म्हटलं, "पण आज सही होणार नाही."

साहेबांची बोलणी खाल्ली. मोरीतला क्यूब कायम ओलाच राहतो, म्हणून नवे क्यूब ओतले आणि ते एकदाही वाळू दिले नाहीत. तेही तसेच भुसभुशीत निघाले. कारण सरळ होतं, माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. ते दूध वाळल्याशिवाय धरत नाही, आणि ओढ्यातला खांब कधी वाळतच नाही. मी सही केली असती तर पोरं त्या खांबांच्या भरवशावर ओढा ओलांडत राहिली असती. शेवटी बांध घालून पाणी वळवलं, मसाला नीट वाळू दिला. यंदाचा घोटीचा पावसाळा साकवानं काढला. इथपर्यंत सगळं मी कोणालाही समजावून सांगू शकते.

पुढचं नाही सांगता येत. थट्टा करणारा पकडायचाच म्हणून मी नाशिकरोडला काकूंकडे गेले. साचा स्वयंपाकघरात होता, खिडकी आपटू नये म्हणून टेकण लावलेला. बोल्ट गंजून जाम. मी पान्यानं जोर लावून पाहिला, एकही हलला नाही. काकू म्हणाल्या, ते गेल्यापासून तो तिथून उचललेलाच नाही. मग कशाला पाहिजे होता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "त्यांचं मन नसल भरलं," एवढंच म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं.

साचा आता माझ्याकडे आहे, रॉकेलमध्ये बुडवून चार दिवसांनी मोकळा झाला. प्रत्येक बॅचचा सातवा मी ओतते आणि मोरीत ठेवते. नवीन मुलं हसतात, हसू देत.

त्या क्यूबची नोंद मी रजिस्टरमध्ये केली आहे. नंबर लिहिला, भार लिहिला. 'कोणी ओतला' हा रकाना अजून कोरा आहे... माझ्या चौदा वर्षांच्या रजिस्टरांत तेवढा एकच.