भोंग्याच्या वेळेचं औषध

लग्न होऊन हिंगणघाटला आले त्याच वर्षी, पन्नास-बावन्नच्या सुमारास, सासऱ्यांच्या पोटातली गाठ बळावली. डॉक्टरांनी हात टेकले. कळांसाठी त्यांनी अफूचं औषध दिलं. बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी, एका खाचेला एक खुराक. "आधी दिलं तर गुंगीत जातील, उशीर झाला तर तडफडतील," असं बजावून त्यांनी बाटली माझ्या हाती सोपवली.

सासूबाई नव्हत्या. सकाळचा खुराक नवरा शेतावर जाताना द्यायचा, बाकीचे दोन माझ्याकडे. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून कापडगिरणीच्या दुपारच्या नि सांजेच्या भोंग्यावर मी ते बांधून टाकले आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाले.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. मी डोक्यावर पदर घेऊन चमचा पुढे करायची, ते तोंड उघडायचे.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दुपारी भोंगा होईचना. मी बाटली हलवून दारात उभी, आत सासरे गप्प. मग दातांवर दात घासल्याचा आवाज आला. तेवढ्यात शेजारचा गिरणीकामगार अंगणात बाजेवर निवांत पसरलेला दिसला आणि डोक्यात उजेड पडला. आज गिरणीला सुट्टी! माझं माहेर अल्लीपूरचं, मला कुठलं माहीत भोंग्यालाही सुट्टी असते ते?

धावत जाऊन औषध पाजलं. त्यांची उशी घामानं भिजली होती. मला त्यांचा नि माझा, दोघांचाही संताप आला.

"मामाजी, दुखून राह्यलं तं सांगत काऊन नाई?"

"कोणाले सांगू? तू तं बोलत नाई माह्यासंग."

त्या दिवसापासून मी तासातासाला विचारू लागले. शेजारच्या चुलतसासूनं ते ऐकलं. "लाज सोडली का वो तुनं?"

"सोडली," मी म्हणाले. "मुकी राहून दवाई कशी देऊ?"

सासरे आतून म्हणाले, "वयनी, तिले काही म्हणू नका. ती इचारते म्हून मले झोप लागते."

पुढे ते तेवीस दिवस जगले. गेले त्या सकाळी मी विचारलं, "दुखते का, मामाजी?" त्यांनी मान हलवली, नाही. मग डोळे मिटले. गावानं मला तोंडाळ सून म्हटलं, खुशाल म्हणो. माझा सासरा विव्हळत गेला नाही.