दाराचं टेबल

भूतखेत मी कधी मानलं नाही. मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायचे, आणि एखादी पोर चिंचेखालून जायला घाबरली तर तिचा हात धरून तिथूनच न्यायचे. तेव्हा हे लिहिताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं... आणि माझ्याच घरात, भर दुपारी.

गोष्ट लढाईच्या दिवसांतली, इंग्रज अजून इथेच होते. बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आम्ही म्हणजे मी, हे आणि सासूबाई. हे कापसाच्या जिनमध्ये क्लार्क होते. सासूबाई दापोऱ्याच्या, शेतकऱ्याघरच्या. मुदतीच्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. अगदी पार. आमच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखायच्या.

खोल्या रिकाम्या होत्या आणि हात आखडता होता, पण मला घर सजवायची भारी हौस. चहाच्या खोक्यांची कपाटं केली, रॉकेलच्या डब्यांत तुळस आणि मोगरा लावला, जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. बाजारात ऑइलपेंट मिळत नव्हता. यांनी जिनमध्ये विचारून मशीनला लावायच्या हिरवट करड्या रंगाचा अर्धा उरलेला डबा आणला. त्यामुळे आमच्या घरातली प्रत्येक वस्तू त्या एकाच रंगाची! शेजारणी बघायला यायच्या आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

टेबल तेवढं नव्हतं. बुधवाऱ्याच्या बाजारात जुनं लाकूड विकणाऱ्याकडे गेले, तर भिंतीला एक सागवानी दार टेकवून ठेवलेलं. एकाच फळीचं, जाडजूड.

"ले जाव बाई," तो म्हणाला. "तापीच्या पुरात वाहत आलं. कोनाचं हाय कोनाले ठाऊक. पन लाकडाले काही झालं नाही."

सुताराने त्याला चार पाय ठोकून दिले. मी जुना रंग खरवडला, कडीची भोकं लांबी भरून बुजवली आणि दोन हात रंग दिला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लागलं तेव्हा यांनी हात फिरवून म्हटलं, "साहेबाच्या बंगल्यात शोभेल."

आठ-दहा दिवस गेले असतील. दुपारी मी वह्या तपासत होते. दार वाजलं — तीनदा, सावकाश. उठून उघडलं, गल्लीत कोणी नाही. येऊन बसते तर पुन्हा तीनदा. या वेळी माझी नजर दौतीवर होती. प्रत्येक ठोक्याला शाईवर एक वर्तुळ उठलं.

आवाज टेबलातून येत होता. खालून.

मी वाकून पाहिलं. खाली झाडलेली फरशी, दुसरं काही नाही. मी मनाशी हिशेब मांडत राहिले... उंदीर असेल, गाडीचा हादरा असेल. यांना सांगितलं तर हे हसले. "लाकूड पाण्यातलं आहे. सुकताना तडतडतं."

"तडतडेल, पण तीन मोजून?" मी म्हटलं.

रविवारी त्यांनी स्वतः ऐकलं. त्यांनी चारी पायांचे खिळे पुन्हा ठोकले. जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मग तो दिवस. सासूबाई टेबलाशी तांदूळ निवडत होत्या, मी आत भाकऱ्या करत होते. त्यांची हाक आली.

"माय, दार वाजतंय पाहा."

माझ्या हातातला उंडा तसाच राहिला. बाहेर येऊन मी ओठ हलवून विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतं मले! हाताले लागलं." त्यांचा तळहात टेबलावर होता. सुपातले तांदूळ माझ्यादेखत उडाले. एक, दोन, तीन. मी त्यांचा हात ओढायला धावले, पण तोवर त्या सवयीने मोठ्यांदा बोलून गेल्या होत्या.

"कोन हाय? या ना, मधी या."

ठोके थांबले, आणि मग टेबल पुन्हा कधीच वाजलं नाही. खरं सांगते, त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. कारण दुसऱ्याच दिवशी सासूबाई आजारी पडल्या. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि टॉनिक लिहून दिलं. पण अन्न जाईना, अंग गार लागायचं. सारखं एकच, "दार उघडं ठेव माय, कोंडल्यावानी होतं." त्यांची खाट शेवटी पुढच्या दाराजवळ टाकली. आम्ही दोघं टेबलाकडे पाठ करून वावरत होतो. ते बाहेर फेकून द्यावं असं दोघांच्याही मनात होतं, पण हात कोणी लावायचा?

पाचव्या दिवशी शाळेत परीक्षा होती, रजा मिळेना. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, बाहेरून कडी घातली आणि गेले. दुपारी परत आले, पायरी चढले... आणि आतून दार वाजलं. तीनदा.

"आले, आले आत्याबाई," म्हणत मी कडीला हात घातला. मग सहज दाराशेजारच्या खिडकीचा पडदा बाजूला केला.

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. पाय दाराकडे पसरलेले, दोन्ही हात मांडीवर. त्या दाराकडे पाहत होत्या. आणि दार वाजतच होतं.

गल्लीत लख्ख ऊन होतं. चार घरं पलीकडे मागावर खटखट चालली होती. पळून जावं असं फार वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझी म्हातारी आत होती. मी कडी काढली, दार ढकललं आणि बाजूला होऊन भिंतीला चिकटून उभी राहिले.

सासूबाईंनी पाय आखडून घेतले. पाहुण्याला वाट द्यावी तसे. उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "जपून जा. पायरी उंच हाय."

माझ्या पायांवरून ओला गारवा गेला. मग काही नाही. नुसतं ऊन.

मी आत गेले, त्यांचा चेहरा हातात धरला. "कोणाशी बोललात?"

"म्हने, पाय घ्या जरा."

"म्हणजे... तुम्हाला ऐकू आलं?"

त्यांचा हात हळूच कानाकडे गेला. "आलं की माय," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

संध्याकाळी त्यांनी भाकरी मागून खाल्ली. पुढे पुष्कळ वर्षं जगल्या, पण एक शब्द पुन्हा ऐकू आला नाही. नातवाचं रडणंसुद्धा नाही. टेबल आम्ही त्याच आठवड्यात पुन्हा बुधवाऱ्यात नेऊन दिलं. लाकूडवाल्याने काही विचारलं नाही आणि आम्हीही काही सांगितलं नाही.

ते काय होतं, मला आजही ठाऊक नाही. यांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही. मीच एकदा सासूबाईंना विचारलं होतं की आवाज कसा होता, बाईचा की पुरुषाचा. त्यांनी खूप आठवून पाहिलं.

"ते नाही सांगता येत माय," त्या म्हणाल्या. "पन लई थकलेलं होतं."