कणकवलीच्या बसचं गाऱ्हाणं

काळाचौकीतल्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला पहिलं टेबल दर्शना साटमचं. उत्पन्नाचा दाखला, नळाचा कमी दाब, गटाराचं फुटलेलं झाकण, इस्पितळातली खाट, असं काहीही घेऊन आलेला माणूस आधी तिच्यासमोर बसतो. बहुतेकांचं काम तिथेच संपतं, आतल्या केबिनपर्यंत जावं लागत नाही.

दर्शना मागच्याच चाळीत वाढली. गिरणी बंद पडून वडील घरी बसले, तेव्हा ती शाळेत होती. अक्षर चांगलं म्हणून चाळीतल्या बायका तिच्याकडून अर्ज लिहून घेऊ लागल्या, आणि आताचे आमदार साहेब पहिल्यांदा नगरसेवक झाले तेव्हा ते अर्ज वाचून त्यांनीच तिला बोलावून घेतलं. नवरा राजेश अधूनमधून चिडवतो, "घरचा नळ गळतोय. साहेबांना अर्ज करू की तुलाच देऊ?"

वर्षातून चार वेळा ती 'विभागवार्ता' नावाचं पत्रक काढते. जूनच्या तोंडावर वह्यावाटप आणि दाखल्यांची शिबिरं, श्रावणात गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या मोफत बसगाड्या, दिवाळीला उटणं आणि फराळाचे स्टॉल, उन्हाळ्यात डोळ्यांची तपासणी. साहेबांचा फोटो केवढा छापायचा हे तिच्या हातात नसतं. मजकूर मात्र तिचा. मंजूर न झालेलं काम ती छापत नाही, विशेषणं तर अजिबातच नाही. त्यामुळे पत्रकात आलं म्हणजे होणार, असं विभागात लोक धरून चालतात. दर्शनाला या गोष्टीचा अभिमान आहे. ती तो बोलून दाखवत नाही, पण आहे.

यंदा श्रावणाच्या अंकात घोळ झाला.

बसगाड्या कमी मिळाल्या होत्या आणि मागणी वाढली होती. साहेबांच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या विनीतने तोडगा काढला. नोंदणी फक्त मतदारसंघातल्या मतदारांची. चाळी पुनर्विकासाला गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, माणसं नालासोपारा, दिवा, बदलापूरला पांगली. त्यांनी तिकडच्या आमदारांकडे जावं. दर्शनाला हे कडक वाटलं, पण चूक वाटलं नाही. तिने स्वतःच तो नियम चौकटीत बसवला.

मग गेल्या वर्षीचा अंक समोर ठेवून तिने बसची माहिती भरली. गाव, सुटण्याची जागा, वेळ आणि शेवटी गाऱ्हाणं कोण घालणार त्याचं नाव. हे नाव छापायची पद्धत दर्शनाचीच. बस सुटण्याआधी नारळ ठेवून एक जाणता माणूस देवाला मोठ्याने हाक मारतो, वाटेतलं विघ्न दूर कर म्हणतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्याशिवाय कोकणची बस हलत नाही. कणकवलीच्या बसला हे काम कित्येक वर्षं गणपत घाडीगावकर करत आले होते. दर्शनाने गावं बदलली, वेळा बदलल्या. ते नाव बदलायचं असतं हे तिच्या मनातच आलं नाही. गणपतकाका मुलाकडे नालासोपाऱ्याला गेले होते, त्यांचं मत तिकडे हलवायचा अर्जसुद्धा तिनेच भरून दिला होता, तरीही.

पत्रकं वाटून झाल्यावर काका कार्यालयात आले.

"काय गो दर्शना, माझा नाव छापलंस, पण सीटचो मेसेज काय येवक नाय अजून!"

"काका, आधी बसा."

"हय कित्याक बसू? बसमदी बसान मगे."

दर्शनाने सांगितलं. काकांनी चष्मा लावून चौकटीतला नियम वाचला, मग खालचं स्वतःचं नाव वाचलं.

"वरती एक, खालती एक. ह्यातला खरा खयचा?"

"वरचं," दर्शना म्हणाली. "खालचं माझ्याकडून चुकून गेलं."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. घाडीगावकरांच्या घरचा गणपती भावाभावांत पाळीने फिरतो आणि यंदा पाळी त्यांची होती. दर्शनाला ते माहीत होतं. रेल्वेचं तिकीट आता मिळणार नाही, हेही माहीत होतं. ते पोचले नाहीत तर पूजा पुतणे करतील. पण पाळी चुकली ती चुकली, आणि पुढची येईपर्यंत ते असतीलच असं नाही.

विनीत आतून आला. "काका, रूल सगळ्यांना सेम आहे. तुम्हाला दिलं तर उद्या विरारपासून लाइन लागेल."

"लागतली तर. गेले खयसून ते? हयसूनच मा?"

"बरोबर आहे तुमचं. पण ज्यांचं मत इथे आहे त्यांना उतरवून तुम्हाला बसवू का? तुम्हीच सांगा."

काकांनी विचार केला. "ता पण खरा," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन थांबले. "पण गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"कोणीही घालेल की."

"कोणी पण?" काकांनी विनीतकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल काढला. "नाव छापलंय म्हणजे मी येतलंय. नारळ घेवन येतलंय. बसवूचा काय नाय ता तुमी बघा."

बस सुटायच्या दिवशी सकाळी ते खरंच आले. धुतलेला सदरा, खांद्याला बॅग. बॅग कशाला, हे दर्शनाने विचारलं नाही. मैदानाच्या कडेला बसगाड्या उभ्या होत्या. साहेब झेंडा घेऊन आले, विनीत शूटिंग करत होता. काकांनी बसच्या पुढच्या चाकाशी नारळ ठेवला, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे येवक निघालीत, तेंका सुखरूप ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत घाट आसा, खड्डे आसत, डायवराच्या डोळ्यावर झोप आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक हसले. ड्रायव्हरही हसला.

"आणि जी लेकरा ह्या वाडीतसून भायर पडली, कोण सोपाऱ्याक गेला, कोण दिव्याक गेला, तेंचा नाव हयच्या यादीत नाय म्हणान तेंका वाटेर सोडू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबही म्हणाले. मोठ्याने, हात जोडून, सगळ्यांबरोबर. ते सावंतवाडीकडचे, लहानपणापासून हे म्हणत आलेल्या माणसाचं तोंड डोक्याची वाट पाहत नाही. म्हणून झाल्यावर आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दर्शनाकडे पाहिलं.

"काका कुठल्या बसला?"

"कुठल्याच नाही, साहेब. त्यांचं नाव नालासोपाऱ्याच्या यादीत आहे."

आजूबाजूचे लोक ऐकत होते. साहेबांनी झेंडा विनीतच्या हातात दिला आणि काकांची बॅग उचलली. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जागा झाली. बस गेली. विनीतने दर्शनाला फक्त एवढंच म्हटलं, "ताई, आता फोन तुम्ही उचलायचे."

फोन दुपारपासून सुरू झाले, कारण विनीतचा व्हिडिओ तोवर सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. त्या फोनांतला एक कौसल्या गुरवचा होता. दर्शनाच्याच मजल्यावर वाढलेली, आता दिव्याला राहणारी. नियम वाचून तिने नोंदणीला फोनसुद्धा केला नव्हता.

"घाडीकाका केबिनमध्ये बसून गेले म्हणे. आणि आम्ही पत्रक वाचून गुपचूप घरी बसलो."

"माझी चूक झाली गं."

"कुठली? त्यांना बसवलं ती, की आम्हाला विचारलंच नाही ती?"

काका गावाला जाऊ शकले याचा आनंद दर्शनाला सकाळपासून होता. आता कळत होतं की ज्याने हट्ट धरला तो पोचला, आणि ज्यांनी तिच्या शब्दाचा मान ठेवला ते मागे राहिले.

"दुसरी," ती म्हणाली.

"मग तसं छाप."

विसर्जनानंतर ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पुढच्या वर्षी बाहेर गेलेल्यांसाठी वेगळी बस ठेवावी, आणि ते आताच दिवाळीच्या अंकात जाहीर करावं, म्हणाली. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"त्यांची मतं इथे नाहीत, दर्शना."

"त्यांच्या भावांची आहेत."

साहेब थोडे हसले. "एक बस. त्यापेक्षा जास्त छापू नकोस."

दिवाळीच्या अंकात उटण्याच्या वाटपाखाली त्या बसची बातमी आली. तिच्याखाली आणखी एक ओळ होती. यंदा ज्यांना जागा नाकारली आणि ज्यांनी नियम मानून विचारलंच नाही, त्या सर्वांकडे कार्यालय दिलगिरी व्यक्त करत आहे. ही ओळ साहेबांनी सांगितली नव्हती. प्रूफ विनीतकडे गेलं. त्याने पेन उघडून ते दोनदा वाचलं आणि काही न खोडता छापखान्याला पाठवून दिलं.