काठावरचे तीन ठिपके

कुणी जुनं नाणं दुकानात आणलं आणि म्हणालं, जरा चमकवून द्या, की पॉलिशवाल्याचं डोकं फिरतं. परवाच एक भला माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, नाणं रुमालात गुंडाळून आणलेलं. त्याला याने असं झापलं की बिचारा रुमाल तिथेच टाकून निघून गेला. ज्याने तीस वर्षं लोकांचे नळ, कड्या आणि दाराच्या मुठी घासून चकचकीत केल्या, त्याने गिऱ्हाइकाला असं हाकलावं? शेजारचा टायरवाला म्हणतो, याला वेड लागलंय. वेडबिड काही नाही हो. राग आहे. स्वतःचाच आहे, पण स्वतःवर ओरडून माणसाचं समाधान होत नाही, म्हणून मग समोर येईल तो सापडतो.

अकरा वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. ते विहिरी खणायचे. हयातभर खणून त्यांना वेगळं असं काय मिळालं, तर एक तांब्याचं नाणं. काळंहिरवं, धड गोलसुद्धा नाही, पार खाली मातीत सापडलेलं. ते त्यांनी फडक्यात बांधून ठेवलं होतं. मोठी मुलगी तापाने फणफणली की ते तिच्या मुठीत द्यायचे, आणि ती ते चाचपत पडून राहायची. मुलाच्या हातात मात्र कधी दिलं नाही. म्हणायचे, हा मोडतोड करतो. त्याचा त्याला तेव्हा भयंकर राग यायचा.

वडील गेल्यावर ताई ते नाणं घेऊन त्याच्या दुकानात आली. म्हणाली, याला कडी लाव, मी गळ्यात घालीन, आणि वरची धूळ जरा पुसून दे. पुसून दे, एवढंच म्हणाली. पण आमच्या या शहाण्याला पुसणं माहीतच नाही. बहिणीचं काम, बापाची वस्तू, मग हात आखडता कशाला घ्यायचा? आधी खरखरीत चाक, मग बारीक, शेवटी कापडी चाक आणि पॉलिशचा साबण. दोन तास खपला. नाण्यात स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या तेव्हा कुठे थांबला. आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालं म्हणून खूश होता.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या दाराच्या मुठी पोचवायच्या होत्या. नाणं खिशातच होतं. तिथे नाण्यांचं काम बघणाऱ्या एक बाई बसतात, त्यांना त्याने मोठ्या ऐटीत दाखवलं. बाईंनी भिंग लावून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, हे कुणी केलं? हा छाती काढून म्हणाला, मी.

"दोन हजार वर्षं मातीने सांभाळलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही एका बैठकीत संपवलंत. यावर काय होतं ते आता कुणालाही सांगता येणार नाही."

काठाजवळ तीन बारीक ठिपके तेवढे उरले होते. ते त्यांनी भिंगातून त्याला दाखवले. तो बाईंवरच उखडला. म्हणाला, एवढी अक्कल होती तर बाहेर पाटी का नाही लावली? तणतणत बाहेर आला आणि पायरीवर बसला. यावर काय होतं, आठवेना. घोडा? झाड? माणूस? दोन तास नाणं हातात होतं आणि या मूर्खाने एकदाही वर काय आहे ते पाहिलं नव्हतं. संतापाने त्याची कानशिलं तापली.

ताई न्यायला आली तेव्हा त्याने चकार शब्द काढला नाही. तिने तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिलं, बरं झालं म्हणाली आणि गेली. चला, हिच्या लक्षात आलं नाही, म्हणून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच आठवड्यात ठरवलं, असंच तीन ठिपक्यांचं दुसरं नाणं शोधायचं आणि गुपचूप बदलून टाकायचं.

झालं, इथून सुरुवात झाली. जुना बाजार, भंगारवाले, गावोगावचे नाणीवाले, याने कुणाला सोडलं नाही. काठावर ठिपके दिसले की घे. सातवीत शाळा सोडलेला माणूस जाडजूड पुस्तकं घेऊन जुनी अक्षरं लावायला शिकला. कपाटाच्या खणांत प्रत्येक नाण्याखाली तारीख घातलेली चिठ्ठी, आणि साफसफाईला फक्त मऊ ब्रश. पाण्याचा थेंबही लावू द्यायचा नाही. लोक त्याला संग्राहक म्हणायला लागले. एकदा एक पत्रकार विचारायला आला, हा छंद कसा लागला? छंद! त्याने त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

शेवटी बायको वैतागली. तिचं म्हणणं सरळ होतं. तीनशे बारा नाणी झाली, कपडे ठेवायला कपाट उरलं नाही, आणि कुठलं हवंय तेच ठाऊक नसेल तर माणूस जन्मभर शोधत बसेल. ताईंना तुम्ही विचारा, नाहीतर मी विचारते.

रविवारी सकाळी ताई आली. चहा होईपर्यंत तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, बाबांच्या नाण्यावर काय होतं गं?"

तिने कप खाली ठेवला. "अकरा वर्षं लागली तुला हे विचारायला?"

तिला त्याच दिवशी कळलं होतं. दुकानातून निघाली ती बसमध्ये रडत घरी गेली होती. नाणं गेलं ते गेलंच, पण भाऊ आपण होऊन सांगेल म्हणून ती थांबली होती, आणि हा दर भेटीत पावसापाण्याच्या गप्पा मारत होता. त्याचाच तिला जास्त संताप यायचा. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. ओरडली असती तर परवडलं असतं, असं त्याला झालं.

मग म्हणाली, आण तुझे ते खण. चष्मा ती घरीच विसरली होती. एकेक नाणं घ्यायची, अंगठा फिरवायची, ठेवायची. चौथ्या खणात थांबली.

"हे. बैल आहे, मान खाली घातलेला. बाबा म्हणायचे, हापण माझ्यासारखा दिवसभर राबून आलाय."

त्याने चिठ्ठी पाहिली. शोध सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी घेतलेलं. नऊ वर्षं ते त्याच्या कपाटात पडून होतं. त्याने कपाळावर हात मारला आणि नाणं तिच्यापुढे सरकवलं. घे, तुझंच आहे.

ताईने ते परत सरकवलं. गळ्यातलं बाहेर काढलं. याने केलेली चकाकी केव्हाच गेली होती. घामाने, हाताळून हाताळून ते पुन्हा तपकिरी झालं होतं, आणि त्यावर बैल नव्हता, काहीच नव्हतं.

"ते दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचं. आपल्या बाबांच्या हातातलं हे आहे," ती म्हणाली. "घासलंस ते मी केव्हाच सोडून दिलं. तू लपवलंस, ते नाही सोडलेलं अजून."

ती उठली, चप्पल घातली. दारातून वळून तिने गळ्यातलं काढलं आणि कामासाठी नव्हे, तर नुसतं जवळ ठेवायला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात ठेवलं. पुढच्या रविवारी घेऊन जाईन म्हणाली, तोवर सांभाळ, आणि दुकानात नेऊ नकोस.